राखीव फांदी

छाटणी मंडळाची पाळी यंदा फुकुशी तोकुजीच्या बागेवर आली होती आणि ते कळल्यापासून त्याचं कशातच मन लागत नव्हतं.

मंडळ म्हणजे इवाकी डोंगराच्या पायथ्याच्या गावांतले सफरचंदवाले आणि त्यांचे मास्तर, चौऱ्याऐंशी वर्षांचे तोनोसाकी. मार्चमध्ये बर्फ वरून इतका घट्ट होतो की माणूस पाय न रुतता चालू शकतो. तेव्हा एखाद्या सभासदाच्या बागेत सगळे जमत. मास्तर एक झाड निवडत. त्याच्याभोवती उभं राहून कुठली फांदी जावी आणि कुठली राहावी यावर मनसोक्त भांडायचं, आणि शेवटी मास्तर काठी रोखतील तिथे करवत चालवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण झाडावर मालकाच्या हातचा प्रत्येक जुना घाव दिसत असतो. दहा वर्षांपूर्वीचा आळससुद्धा जाणत्या माणसाला लांबून ओळखू येतो. ज्याच्या बागेत मंडळ जमतं त्याला त्या दिवशी चारचौघांत अंगातला सदरा काढून उभं केल्यासारखं होतं.

तोकुजी सहासष्ट वर्षांचा. तीस वर्षं मंडळात होता आणि इतक्या वर्षांत त्यानं मास्तरांना विचारल्याशिवाय अंगठ्याहून जाड फांदी कापली नव्हती. घरी त्याच्याकडे छाटणीवरची तीन पुस्तकं होती. एकात लिहिलं होतं, ऐन थंडीत झाड गाढ झोपलेलं असताना छाटा. दुसऱ्यात लिहिलं होतं, वसंताच्या तोंडावर छाटा, जखम लवकर भरते. तिसऱ्यात लिहिलं होतं की ते झाडाच्या स्वभावावर आहे. वाचत असताना त्याला तिन्ही खरी वाटत. मास्तरांचं म्हणणं मात्र एकच होतं. फेब्रुवारीचा बर्फ पडून जाऊ द्या, तो काय मोडतो ते बघा, मग तुमचं काय कापायचं ते ठरवा.

मंडळ कुठलं झाड बघणार हे सांगायची गरजच नव्हती. बागेच्या तोंडाशी, रस्त्याला लागून तोकुजीच्या वडिलांनी लावलेलं जुनं झाड होतं. गावात पत्ता सांगताना लोक ‘त्या मोठ्या झाडाच्या पुढे’ असं सांगत. छत्रीसारखं पसरलेलं, उत्तरेला आणि दक्षिणेला एकेक दणकट फांदी. खटकायची ती एकच गोष्ट. उत्तरेकडच्या मोठ्या फांदीच्या बुडाशी मनगटाएवढी एक तरणी फांदी वेडीवाकडी वर गेली होती. लग्नाच्या फोटोत भलताच कुणी डोकं घालून उभा राहावा तशी ती दिसायची. नऊ वर्षांपूर्वी तोकुजी ती कापायला निघाला तेव्हा मास्तरांनी अडवलं होतं. उत्तरेची मोठी फांदी थकत चालली आहे, म्हणाले, आणखी दहा वर्षांनी ती काढावी लागेल, तेव्हा तिची जागा घ्यायला ही हवी. मी सांगेपर्यंत राख.

तोकुजीनं राखली. पण आता पाळी आली आणि रोज खिडकीतून झाडाकडे बघताना त्याला ती फांदीच तेवढी दिसू लागली. पलीकडच्या गावची माणसं येणार. त्यांना काय माहीत मास्तर कधी काय म्हणाले होते ते? म्हणतील, तीस वर्षं शिकून हे असलं झाड ठेवलंय. जानेवारीतल्या एका कोरड्या सकाळी तो तीनदा बूट घालून तीनदा घरात परतला. शेवटी त्याची बायको मित्सुए म्हणाली, एक तर बाहेर जा नाहीतर आत बसा, दार सारखं उघडून घर गार करू नका.

तो गेला. जाताना सांगून गेला की नुसते पाणसोट काढतो, म्हणजे सरळसोट वर जाणारे वांझ फुटवे. मोठ्या बर्फाआधी झाडाचं ओझं कमी करायला ते सगळेच काढतात, त्यात खोटं काही नव्हतं. दुपारपर्यंत पाणसोट काढून झाले आणि झाड न्हाऊन भांग पाडल्यासारखं दिसायला लागलं. त्यामुळे ती एक फांदी जास्तच डोळ्यांत सलायला लागली. त्यानं शिडी हलवली. हलवताना तो स्वतःला सांगत होता की फक्त जवळून बघायचं आहे. करवत मात्र हातात होती. ओल्या लाकडाचा आंबूस वास आला आणि फांदी बर्फात पडली. जखमेवर त्यानं नेहमीचा केशरी लेप नीट लावला, शिडी उचलली आणि घरी आला. त्या संध्याकाळी त्याला इतकं मोकळं वाटलं की जेवताना तो शीळ घालत होता. मित्सुएनं मान वर करून पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्याची शीळ ऐकली नव्हती.

बर्फ आला तो फेब्रुवारीच्या मध्याला. कोरडा, भुसभुशीत असता तर चाललं असतं. हा ओला होता, भिजलेल्या गादीसारखा जड. सकाळी उठल्यावर छपरं करकरत होती, म्हणून सगळं गाव आधी छपरांवर चढलं. तोकुजी बागेत पोहोचला तोवर दुपार झाली होती. उत्तरेची मोठी फांदी खांद्यातून निखळून खाली पडली होती आणि जाताना खोडाची साल हातभर सोलून घेऊन गेली होती. बोल्ट मारून जोडावी तर धरायला काही उरलंच नव्हतं. तिच्या शेजारी त्याचा स्वतःचा घाव होता, गोल, नीटनेटका, केशरी. तिथली फांदी आज असती तर फार काही बिघडलं नसतं. जी गोष्ट वर्षभरानं व्हायची ती आज झाली, इतकंच म्हणता आलं असतं.

घरी येऊन त्यानं मित्सुएला फक्त फांदी मोडल्याचं सांगितलं. कापलेली तिनं आधीच पाहिली होती. ती त्यावर काही बोलली नाही, आणि बोलली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी तिनं विषय काढला. अर्धं झाड गेलंच आहे तर उरलेलंही काढून टाकू, ती म्हणाली. तिथे बुटकी झाडं लावू. तीन-चार वर्षांत फळ धरतात आणि जमिनीवर उभं राहून हात पोचतो. तिचे गुडघे सुजलेले होते. दर जूनमध्ये फळांची विरळणी करायला त्या झाडाला उंच शिडी लावून तीच चढायची. तोकुजी म्हणाला, मास्तरांना विचारू.

"सगळं मास्तरांना विचारून. माझ्याशी लग्न करतानाही विचारलं होतं वाटतं?"

विचारलं होतं. पण ते त्यानं आजवर सांगितलं नव्हतं आणि आता सांगण्यात अर्थ नव्हता.

मंडळाचा दिवस जवळ येत चालला तशी त्याची तगमग वाढली. फोन करून पाळी पुढे ढकलावी असं त्याला रोज सकाळी वाटे आणि रोज संध्याकाळी वाटे की आता फार उशीर झाला. शेजारच्या बागेचा नाराओका एकदा कुंपणापाशी येऊन झाड बघून गेला. नाराओका मंडळातला सगळ्यात तोंडाळ माणूस. त्यानं मोडलेली फांदी पाहिली, मग केशरी घाव पाहिला, मग तोकुजीकडे पाहिलं आणि विचारलं की पाहुणे यायच्या आधी तू बायकोचीही वेणी कापलीस का. मग त्याला कीव आली असावी. सांग की दोन्ही बर्फानं नेल्या, तो म्हणाला. कुऱ्हाडीनं जरा ठेचून टाक, मोडल्यासारखं दिसेल.

तोकुजी खरंच कुऱ्हाड घेऊन गेला. झाडापाशी उभा राहिला आणि ती तशीच परत आणली. जखमेवर आणखी जखम करणं त्याला जमेना. खोटं बोलणंही जमेना. मग ज्याला दोन्ही जमत नाही असा माणूस जे करतो ते त्यानं केलं. मंडळ यायच्या दिवशी पहाटे उठून त्यानं ओला बर्फ मुठीमुठीनं त्या केशरी चकतीवर थापला आणि वरून हात फिरवून गुळगुळीत केला. लांबून पाहिलं तर बर्फ आपोआप साठल्यासारखा दिसत होता. निदान त्याला तसं वाटलं.

दिवस नेमका लख्ख उजाडला. डोंगराचा पांढरा सुळका निळ्या आभाळात स्वच्छ दिसत होता आणि माणसं टणक बर्फावरून करकर आवाज करत येत होती. कमरेला कात्र्या, पाठीला करवती. मास्तर सर्वांत शेवटी आले, सुनेचा हात धरून. झाडाकडे बघून सगळे हळहळले. यंदा कुणाचं काय काय मोडलं याच्या गोष्टी निघाल्या. तोकुजी सूर्याकडे पाठ करून, झाडापुढे जरा जास्तच ऐसपैस उभा होता. मित्सुए चहाच्या किटल्या घेऊन आली. कुणीतरी विचारलं, उत्तरेला दुसरी काही फांदी होती ना रे इथे?

त्याच वेळी थापलेला बर्फ सुटला आणि भदकन खाली पडला. केशरी चकती उन्हात झळकली.

मग नाराओका म्हणाला, "घ्या. झाडानंच जबाब दिला."

हशा पिकला. मास्तर हसले नाहीत. ते चकतीखाली जाऊन उभे राहिले, काठीनं तिच्या कडेला टोकलं आणि मागे न बघता विचारलं, "कधी?"

"जानेवारीत."

"का?"

तोकुजीच्या तोंडून खरं तेच निघालं. "तुम्ही येणार होतात म्हणून."

या वेळी कुणी हसलं नाही. पुष्कळांनी जमिनीकडे पाहिलं, कारण पाळी येण्याआधी चार फांद्या गुपचूप उडवलेला माणूस त्या घोळक्यात एकटा तोकुजीच होता असं मुळीच नव्हतं.

मास्तरांनी झाडाला एक फेरी घातली. चालायला त्यांना वेळ लागत होता, पण वाद घालायची वेळ असूनही कुणी वाद घातला नाही. परत येऊन त्यांनी निकाल सांगितला. झाड काढून टाक. राहिलेलं सगळं ओझं दक्षिणेला आहे, पुढच्या बर्फाला ते खोडासकट चिरेल. आता या जखमेच्या आसपास नव्या कोंबाचा डोळा फुटलाच तर फुटेल. फुटला, टिकला, त्याची फांदी झाली आणि तिला फळं आली, तर दहा वर्षं. तू शहात्तरचा होशील. आणि बायकोच्या गुडघ्यांचं काय? मित्सुएनं किटली हातात धरूनच मान डोलावली.

प्रत्येक शब्द बरोबर होता. तोकुजीला नेहमीसारखं ‘हो’ म्हणायचं होतं, ते ओठापर्यंत आलंही होतं. पण त्याची नजर त्या केशरी चकतीवर गेली आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"मास्तर, ती फांदी राखायला सांगितलीत तेव्हा तुम्ही केवढे होतात?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. "पंच्याहत्तर."

"मग मी थांबतो."

"हट्ट करणं वेगळं आणि थांबणं वेगळं."

"त्यातलं मला कळत नाही," तोकुजी म्हणाला. "पण हे झाड मी काढणार नाही."

मास्तर वळले आणि मागच्या रांगेतल्या एका साध्याशा झाडाकडे चालू लागले. मंडळ त्यांच्यामागे गेलं. तिथे भांडणं झाली, काठी रोखली गेली, करवती चालल्या. जेवायला शेडमध्ये स्टोव्हभोवती सगळे बसले. कॉड माशाच्या डोक्याचं गरम सार होतं, माकुलीचे वडे होते, मित्सुएच्या मुळ्याच्या लोणच्याचं कौतुक झालं. मास्तर जेवले आणि सुनेचा हात धरून निघून गेले. तोकुजीकडे त्यांनी पाहिलं नाही. तोकुजीच्या पानातला वडा तसाच राहिला. तीस वर्षांत आपण या माणसाला पहिल्यांदा नाही म्हणालो, आणि तेही ज्यात तो बरोबर आहे त्याच गोष्टीत, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

ते सगळे गेल्यावर त्यानं धारदार सुरीनं फाटलेल्या सालीच्या कडा तासून काढल्या, लेप लावला आणि दक्षिणेच्या फांदीला दोन जाड टेकू दिले. टेकू द्यायचे कुठे हे त्यानं कुणाला विचारलं नाही. मात्र दिल्यावर दोनदा हलवले.

मित्सुएशी रीतसर तह करावा लागला. मागची रांग काढून तिथे बुटकी झाडं लावायची हे ठरलं. "आणि हे झाड तुमचं," ती म्हणाली. "याची विरळणी तुम्ही करायची, शिडी तुम्ही चढायची. मी याच्या खालून फक्त रस्त्यानं जाईन."

एप्रिलमध्ये बर्फ वितळून बागेत चिखल झाला. एका सकाळी मास्तरांचा फोन आला. पहिल्या फवारणीचं काय ठरवलं आहेस, त्यांनी विचारलं. हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. तोकुजीनं सांगितलं. मग मास्तर मूळ मुद्द्यावर आले.

"काही फुटलं का?"

"नाही."

"हं," म्हणून मास्तरांनी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, या वेळी उंदरांनी साली कुरतडल्या का हे विचारायला. मग कुणाच्या तरी तब्येतीची चौकशी. प्रत्येक वेळी शेवटी तोच प्रश्न. तोकुजी रोज न्याहारीआधी झाडापाशी जायचा, सालीवर नाक टेकून बघायचा आणि काही दिसायचं नाही. मे महिन्यात उरलेलं अर्धं झाड काही झालंच नाही अशा थाटात फुलांनी भरून गेलं, आणि उत्तरेची बाजू कोरडी ठणठणीत. अर्ध्या मिशीच्या माणसासारखं ते दिसत होतं. रस्त्यानं जाणारे थांबून फोटो काढत. नाराओकानं विचारलं, यंदा तिकीट लावायचं का. तोकुजी हसला, पण त्या दिवशी त्याला वाटलं की मास्तरांचंच खरं होतं. आपण थांबलो नाही. एका चुकीवर पांघरूण घालायला दुसरी केली, इतकंच. फोन वाजला की मित्सुए उचलायच्या आधीच हाक मारायची, "घ्या, तुमच्या झाडाच्या सासऱ्यांचा फोन."

जून लागला. विरळणीचे दिवस. प्रत्येक झुबक्यातलं एक फळ ठेवून बाकीची खुडायची, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. तोकुजी शिडीवर होता. पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि इतकी वर्षं मित्सुए हे कसं करत होती याचा तो विचार करत होता. उतरताना आधारासाठी त्यानं खोडाला हात लावला आणि तळव्याला काहीतरी मऊ लागलं.

फाटलेल्या सालीच्या खालच्या काठाशी तांबूस कोंब आले होते. बोटभर लांबीचे, केसाळ पानांचे, एकमेकांना ढुशा देत उभे. काल ते नव्हते, की काल त्यानं नको तिथे पाहिलं होतं, कुणास ठाऊक. तो मित्सुएला हाक मारणार होता, तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली.

मास्तरांच्या सुनेनं काच खाली करून सांगितलं, डोळ्यांच्या दवाखान्यात निघालो होतो, मध्येच म्हणाले इकडून चल. दवाखाना शहरात होता, बरोबर उलट्या दिशेला. मास्तर तोवर दार उघडून गवतात उतरलेही होते. दवाखान्यात निघालेल्या माणसाच्या कमरेला छाटणीची कात्री होती.

ते झाडापाशी आले, पुढे झुकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि कोंब बघत राहिले. त्यांचा श्वास वाजत होता.

"हा बाहेरचा," ते म्हणाले. "कोन बघ त्याचा. हाच होणार फांदी." आणि बोलता बोलता कात्री उघडून त्यांनी बाकीच्यांच्या बुडाशी नेली.

तोकुजीनं मध्ये तळहात धरला.

"आत्ता नको, मास्तर."

"अरे, जोर वाटला जातो सगळ्यांत. आत्ता काढले की याला मिळेल."

"असेल. पण यातला कुठला ते मला अजून कळलं नाही."

"मला कळलंय ना."

"मला कळू द्या."

मास्तर तसेच झुकून राहिले. कात्रीची पाती मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग त्यांनी झाडाला फेरी घातली, मार्चपेक्षाही सावकाश. टेकू हलवून पाहिले. पहिला ठीक आहे म्हणाले, दुसऱ्याबद्दल काही बोलले नाहीत. परत कोंबांपाशी आले आणि पुन्हा झुकले. सुनेनं हॉर्न वाजवला. त्यांनी ऐकलं नाही. पलीकडच्या झाडाची विरळणी करत असलेली मित्सुए हात थांबवून दोघांकडे बघत होती.

"मग कधी कळणार तुला?" मास्तरांनी विचारलं.

"माहीत नाही."

"पानगळीनंतर?"

"बघू."

"बघू काय? मी चौऱ्याऐंशीचा आहे."

तोकुजीला खरंच माहीत नव्हतं. पण त्याच्या हाताला आज कसलीच घाई नव्हती, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. सुनेनं दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. मास्तर दोन पावलं गाडीकडे गेले आणि थांबले.

"ऑगस्टमध्ये येऊ का?" त्यांनी मान वळवून विचारलं, शाळेतल्या पोरानं सुट्टी मागावी तसं. "नुसतं बघायला."

"या की," तोकुजी म्हणाला. "फक्त कात्री घरी ठेवून या."